चौथं नाव

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, दादरमधल्या एका लहानशा सभागृहात, शंभरेक माणसांच्या देखत मला माझ्या पणजोबांचं नाव सांगता आलं नाही. गोष्ट एवढीच. कुणी हसलं नाही, म्हणजे फार कुणी हसलं नाही. विचारणारा म्हातारा इतक्या अदबीने विचारत होता की माझ्यापेक्षा तोच जास्त अवघडला असावा. लगेच पुढचं गाणं सुरू झालं, लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, शेजारच्या काकूंनी माझ्या हातावर आवळासुपारी ठेवली. पण त्याला आता बारा दिवस झाले. भांडी घासताना, लोकलच्या दारात, बँकेच्या रांगेत ते दोन शब्द मधूनच कानाशी येतात. “उनके पिता?”

कार्यक्रमाला मी गेले तीही दुसरीच्या तिकिटावर. मैत्रिणीची सासू न्हाणीघरात घसरली, तिकीट वाया जायला नको म्हणून ते माझ्याकडे आलं. राजस्थानातल्या मांगणियार गवयांचं गाणं म्हणजे रंगीत फेटे, खडताल आणि शेवटी श्वास लागेपर्यंत चढत जाणारी लय एवढीच माझी कल्पना. तीही एका रिसेप्शनमध्ये पाणीपुरीच्या स्टॉलशेजारी ऐकलेली. इथे मात्र मंचावर चौघंच होते. मांडीवर कमायचा, म्हणजे गजाने वाजवायचं त्यांच्याकडचं तंतुवाद्य, घेतलेले साठी-पासष्टीचे आजोबा, गाणारा त्यांचा पुतण्या, एक ढोलकवाला आणि विशी-बाविशीचा खडतालवाला पोरगा. आणि कार्यक्रम काही सुरू होईना. साडेसहाची वेळ, पावणेसात झाले, सात झाले. मागून कुणीतरी आपल्याकडची नेहमीची खोकल्याची तक्रार सुरू केली. मग कळलं, वाद्याचं कातडं सादळलंय.

कमायचाचं पोट आंब्याच्या लाकडातून कोरतात, आणि त्या गोल पोटावर बकऱ्याचं कातडं मढवतात. बाडमेर-जैसलमेरच्या कोरड्या हवेत ते टणटणीत राहतं. दादरला, समुद्रापासून दहा मिनिटांवर, ऑक्टोबरच्या त्या चिकट हवेत ते उघड्यावर राहिलेल्या पापडासारखं मऊ पडलं होतं. संयोजकांनी एसी वाढवून बघितला तर आजोबांनी हात हलवून नको म्हटलं, आतड्याच्या तारा उतरतात म्हणे. शेवटी कॉलेजातली एक स्वयंसेविका कुठूनसा हेअर ड्रायर घेऊन आली. आजोबांनी ते यंत्र उलटसुलट करून पाहिलं, गरम हवा आधी स्वतःच्या तळहातावर घेतली, आणि मग न्हाऊन आलेल्या नातवाचे केस सुकवावेत तसं ते कातडं सुकवायला लागले. मधूनच बोटाच्या पेराने टिचकी मारून ऐकायचे, पुन्हा वारा घालायचे. लालबागला आमच्या गल्लीत विसर्जनाच्या आधी पोरं रस्त्याच्या कडेला रद्दी पेटवून हलगी शेकायची, त्याची मला फार आठवण झाली. तेव्हाही शेकलेल्या हलगीचा पहिला ‘कडाड’ ऐकायला आम्ही कानांवर हात ठेवून उभ्या असायचो. कान झाकायचे आणि ऐकायचंही, दोन्ही एकदम.

आणि मग गज फिरला.

सारंगीची सवय असलेल्या कानाला हा आवाज आधी बेसूर वाटतो, मी खोटं सांगणार नाही. सारंगी गळ्यासारखी वाजते. कमायचा तसा गळ्यातून येतच नाही, छातीतून येतो. आतड्याच्या तीन जाड तारा, त्यांच्या सोबतीला स्टीलच्या तरफा, म्हणजे आपोआप घुमणाऱ्या बारीक तारा, आणि गज इतका लांब नि मोकळा फिरतो की तो एका तारेशी थांबतच नाही, शेजारणींनाही हात लावून जातो. त्यामुळे एकटा सूर असा ऐकूच येत नाही. प्रत्येक सुराच्या मागे एक माजघर आहे आणि तिथे चारदोन माणसं हलक्या आवाजात बोलतायत असं वाटत राहतं. माझे आजोळ-घर दोन्ही मिरजेच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. मिरजेत तंबोऱ्यांची दुकानं बघत वाढल्यामुळे वाद्याच्या पोटाकडे बघायची मला खोडच आहे. पण हा आवाज तंबोऱ्याच्या घराण्यातला नव्हे. तो मोटेच्या चाकाच्या घराण्यातला. ओला नाडा, लाकडी चाक, आणि बैल उताराला लागले की निघणारं ते लांबलचक कण्हणं. मी मोट चालताना दोनदाच पाहिली असेल, तीही कळण्याच्या वयाआधी. तरी पहिल्या पाच मिनिटांत माझ्या घशाला कोरड पडली. हे संगीताचं श्रेय की हेअर ड्रायरमुळे बंद ठेवलेल्या एसीचं, देव जाणे.

तिसरं की चौथं गाणं हिचकीचं होतं. आजोबा हिंदीत समजावायला लागले की परदेशी गेलेला माणूस आठवण काढतो तेव्हा इकडे बायकोला… आणि त्यांनी वाक्य पुरं करायच्या आत अख्ख्या सभागृहातून “उचकी!” असा आवाज आला. आजोबा खूष झाले. “आपके यहाँ भी?” आमच्या इथेही, अहो. आई उचकी लागली की एकेकाचं नाव घ्यायला लावायची. मामा, मावशी, गावची काकू. ज्याच्या नावाला उचकी थांबेल तो आठवण काढतोय. बाबा म्हणायचे पाणी पी, पण पाण्याने थांबलेली उचकी आई धरायची नाही. गाणारा पुतण्या प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर गळ्यात किंचित अडकवायचा, अगदी खरी उचकी वाटावी असा, आणि खालून कमायचा त्या अडकलेल्या सुराला हळूच उचलून पुढे न्यायचा. मी डोळे मिटले आणि कुणाचं नाव घ्यावं याचा विचार करायला लागले. माझ्याकडे पूर्वी बरीच नावं होती.

मध्यंतरात संयोजकांचं भाषण झालं. ‘लुप्त होत चाललेली कला’, ‘शेवटचे शिलेदार’ वगैरे. आजोबा शेजारीच बसून मान डोलवत होते. आपल्याबद्दल मृत्युलेखाच्या भाषेत बोललं जातंय हे त्यांना कळत नव्हतं की सवयीचं झालं होतं? भाषणात खोटं मात्र काही नव्हतं. हमीरा गावच्या साकर खानांना 2012 साली पद्मश्री मिळाली, पुढच्याच वर्षी ते गेले, आणि कमायचा म्हटलं की अजूनही त्यांचंच नाव निघतं. त्याच्या कितीतरी आधी, 1960 साली, कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी राजस्थानातल्या बोरुंद्याला लोककला जपणारं रूपायन संस्थान काढलं नसतं, तर दादरला बसून मी हे काही ऐकलं असतं असं वाटत नाही. पण कमायचाला घराबाहेर काढलं ते कुणा शत्रूने नाही, पेटीने. पेटी सादळत नाही, उतरत नाही, महिन्याभरात हात बसतो आणि माईकसमोर बरी वाजते. शिवाय लोकांना हवा असतो खडताल. त्या दिवशीही मध्यंतरानंतरची पहिली फर्माईश पर्यटन खात्याच्या जाहिरातींमुळे सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या त्या मांडाचीच आली, आणि दुसरी “कुछ फास्ट हो जाए” अशी. खडतालवाल्या पोराने शिसवीच्या त्या चार पट्ट्या अशा काही वाजवल्या की मीही शिट्टी मारायच्या बेतात आले. तेवढा वेळ आजोबा गज मांडीवर ठेवून स्वस्थ बसले होते. त्यांच्या धोतरावर राळेची पांढरी पूड सांडली होती आणि ते ती एकेक चिमूट बोटाने गोळा करत होते.

नंतर आला शुभराज. आजोबांनी सांगितलं ते साधारण असं: आम्ही मुसलमान, आमचे यजमान बहुतेक राजपूत. त्यांच्याकडे मूल जन्मलं की हालरिया आम्ही गाणार, लग्नात बन्ना आम्ही गाणार, कृष्णाची गाणी आम्ही गाणार. पण सगळ्याच्या आधी शुभराज. यजमानाचा, त्याच्या बापाचा, आज्याचा, त्याच्याही मागच्यांचा जयजयकार. पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याचा गवई एकाच घराण्याशी बांधलेला. देणं चुकवलं तर गवई यजमानाला सोडू शकतो, यजमानाला मात्र गवई सोडता येत नाही. फाळणीनंतर काही यजमान पलीकडे सिंधमध्ये राहिले, गवई अलीकडे. “नाम तो इधर ही रह गए,” ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. मग समोर बघून, “किसी का नाम लेते हैं.” मी दुसऱ्या रांगेत, कडेला. का कोण जाणे, गजाचं टोक माझ्याकडे वळलं.

मी माझं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. इथे एक छोटासा घोळ झाला, त्यांनी विचारलं, “पीहर का बोलूँ या ससुराल का?” आणि मी पटकन माहेरचं म्हटलं. लोक हसले, नवरा सोबत नव्हता ते बरं. दादाजी का? तेही सांगितलं. ते प्रत्येक नाव तोंडातल्या तोंडात घोळवून, त्याला आपल्या बोलीचा हेल देऊन, मागे काहीतरी शूरवीर-दानवीर जोडून मोठ्याने म्हणत होते आणि कमायचा त्या नावाखाली घोंगडी अंथरावी तसा पसरत होता. लालबागच्या गिरणीत साचेखात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माझ्या बाबांचं नाव असं कुणी कधी उच्चारलं नव्हतं. हजेरीला नाही, स्मशानात भडजीनेही नाही. माझ्या अंगावर काटा आला, खरंच आला.

“उनके पिता?”

मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. विसरल्यासारखं नव्हे, विसरलेलं निदान जिभेवर वळवळतं. हे कधी नव्हतंच. दोनतीन सेकंद गेले असतील. आजोबांनी गज थांबवला नाही. “कोई बात नहीं, हुकुम,” म्हणाले, आणि चौथ्या जागी त्यांनी मुंबईचं नाव घातलं. मुंबईच्या पोटी माझे आजोबा, असा शुभराज पुरा झाला. दणकून टाळ्या पडल्या. सुचलं छानच होतं. मलाही हसू आलं, आणि ते हसू मला घरी जाईपर्यंत तोंडावरून काढता येईना.

कार्यक्रमानंतर मी जिन्यापाशी घुटमळले. आजोबा वाद्य रजईच्या खोळीत घालत होते, तिथे जायचा धीर झाला नाही. खडतालवाला पोरगा चहा घेत होता. त्याला विचारलं, तू कमायचा का नाही धरलास? तो हसला. शिकायला दहा वर्षं, आणि वाजवायला मिळणार दहा मिनिटं. मग आपणहून म्हणाला की त्याला असे तिकिटाचे शोच आवडतात. यजमानाच्या घरी आम्ही खाली बसतो, इथे खुर्ची मिळते, तुम्ही खाली. कुणाच्या बापजाद्यांची नावं पाठ करावी लागत नाहीत. आमच्या नावातच मागणं आहे, ताई, तो म्हणाला. मी गप्प. दोन तास मी जे गमावल्याची हळहळ करत बसले होते, त्यातून हा पोरगा आनंदाने सुटत होता, आणि त्याला चूक म्हणायला मला तोंड नव्हतं. बाबांनी तरी गाव का सोडलं होतं?

ट्रेनमध्ये खिडकी मिळाली. माटुंगा गेलं, शीव गेलं, आणि मला हेळवी आठवला.

ज्यांचं गाव सांगली-कोल्हापूरकडे नाही त्यांना हेळवी कदाचित माहीत नसेल. कर्नाटकातून, बेळगावच्या बाजूने यायचा. घुंगरमाळा घातलेल्या बैलावर बसून, पाय गोधडीत झाकून. वाड्यासमोर बैल उभा करायचा आणि घराण्याची नावं सुरू करायचा. मूळ गाव, कूळ, देवक, कोण कुठून कुठे आला, कुणाला किती लेक, कानडी हेलाच्या मराठीत, एका श्वासात. माझे आजोबा ओसरीवर ताठ बसून ऐकायचे, एरवी ते असे ताठ बसत नसत. आजी सुपातून जोंधळे आणायची. मी तेव्हा चार वर्षांची, सगळं लक्ष बैलाच्या शिंगांच्या गोंड्यांकडे. नावं कानावरून गेली. चौथं नाव तेव्हा नक्की माझ्या कानावर पडलं असणार, हेच तर आता खुपतंय. कान होता, नाव होतं, आणि मी गोंडे बघत होते.

त्याच हेळव्याचा मुलगा एकदा मुंबईला आला होता. 1983 साल, पावसाळ्याचे दिवस. संपाला दीड वर्ष होऊन गेलं होतं, घरात आईच्या पोळ्यांच्या कामावर पाच माणसं जेवत होती. बैल नव्हता. खांद्याला पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या चोपड्या. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर कसा पोचला कोण जाणे, गावाहून पत्ता घेऊन आला असेल. त्याचा आवाज ऐकून बाबा मोरीत गेले आणि मला खूण केली. मी नऊ वर्षांची. दारात जाऊन म्हटलं, बाबा गिरणीत गेलेत. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की गिरणी बंद आहे हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. त्यालाही असणारच. तो काही बोलला नाही. पायरीवर टेकला, चोपडी उघडली, टोपीतून पेन्सिल काढली. “भावाचं नाव काय बाळ?” मी सांगितलं. त्याने लिहिलं. पाणी प्यायला, तांब्या उपडा घातला आणि जिना उतरून गेला. जोंधळे नाहीत, पैसे नाहीत, उधारीवर नोंद झाली म्हणायची. बाबा मोरीतून बाहेर आले तेव्हा त्यांचे पाय ओले होते आणि त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. माझं नाव त्याने विचारलं नाही हे मात्र मला त्या वयातही टोचलं होतं. दार मी उघडलं होतं, खोटं मी बोलले होते, पाणी मी दिलं होतं.

गेल्या आठवड्यात गावी चुलतभावाला फोन केला. पणजोबांचं नाव त्यालाही सांगता येईना, जमिनीच्या कागदावर बघावं लागेल म्हणाला. पण हेळव्याचा नंबर त्याच्याकडे होता. दर तीनचार वर्षांनी येतो, आता मोटरसायकलवरनं. परवा संध्याकाळी शेवटी लावला. आवाज पन्नाशीचा वाटला, म्हणजे बहुतेक पायरीवर बसलेल्या त्या माणसाचा मुलगा. मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्याने देवक विचारलं, ते नशिबाने आठवलं. “थांबा जरा.” पानं उलटल्याचा आवाज, मग तो सुरू झाला. तोच हेल. माझ्या कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद करायला धावले आणि तेवढ्यात दोन नावं निसटली, त्याला पुन्हा मागून घ्यायला लावलं. चौथं नाव आलं. खंडोजी. इतकं साधं. फ्रीजवर अडकवलेल्या दूधवाल्याच्या हिशेबाच्या कागदावर मी ते लिहिलं. त्याच्या आधीची आणखी सात होती, ती लिहिता लिहिता हात दुखला. खालच्या अंगाला बाबांचं नाव आलं, मग भावाचं, आणि तो थांबला.

“भावास्नी मुलगा काय?”

“मुलगी आहे एक. आणि मी आहे. मला मुलगा आहे.”

“तुमचा मुलगा तुमच्या मालकांच्या घरच्या हेळव्याकडं यायचा.” थोडा वेळ तो काही बोलला नाही. “मुलीस्नी आमच्या चोपडीत घालायची रीत न्हाई, ताई. पण आता लई जण इचारत्यात.” मग जरा सावरून, “फोनवर कायबी लिवत न्हाई आमी. दारात यून लिवायचं असतंय. दिवाळीनंतर हाय मी तिकडं, ठाण्याला चार घरं हायेत. पत्ता सांगा.”

मी पत्ता सांगितला. बिल्डिंग, विंग, सोळावा मजला. भांडुप स्टेशनवरून कुठली रिक्षा हेही सांगितलं. गेटवर सिक्युरिटीवाला विचारेल, मग माझ्या मोबाइलवर येईल, मी हो म्हटलं की सोडतील. तो सगळ्याला “बरं, बरं” म्हणत गेला. फोन ठेवल्यावर ते गेटचं ॲप उघडून बघितलं. पाहुणा, डिलिव्हरी, कॅब, घरकाम, दुरुस्ती. त्याच्याखाली ‘इतर’, आणि तिथे लिहायला एक रिकामी ओळ आहे.